कोवलमच्या विहिरीचं शून्य

३ जून, सोमवार
आज बालाजीरावाशी वाजलं! चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत अहवाल तो छापतो, संगणकावरचा फॉर्म मी केलेला. एखादी तपासणी झाली नसेल तर रकाना रिकामा राहतो. ती रिकामी किंमत – नल – आकडा साठवायच्या जागेत, व्हेरिएबलमध्ये, शिरत नाही, प्रोग्रॅम अडतो.

"अय्यो, शून्य भरून टाक की रे! गिऱ्हाईक किती वेळ उभं राहील?"

नाही भरणार. शून्य म्हणजे मोजलं, काही सापडलं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. चार ओळी लिहिल्या – नल असेल तर 'तपासलं नाही' असं छापायचं. जंतूंसाठी नवा रकानाही जोडला.

"तू नि तुझं नल! देवळातसुद्धा एवढं सोवळं नसतं." दोघंही हसलो.

१९ जून, बुधवार
इथल्या किनाऱ्यावरच्या कोवलम गावातल्या एका विहिरीच्या अहवालात जंतू – शून्य! नमुन्याची बाटली बर्फात ठेवून आणावी लागते; ती बर्फाशिवाय आली म्हणून जंतूंची तपासणी झालीच नव्हती. अहवाल बघून लोक निर्धास्त पाणी प्यायले. कोळ्यांची सहा मुलं दवाखान्यात.

शून्य भरलं कुणी?

२० जून
बालाजीरावानेच. दुसरं कोण? गावच्या शाळेत पाच वर्षं एका बाकावर बसलो. त्याला ही नोकरी मी लावली. विचारलं तर म्हणतो, "मी हात लावला नाही. तुझ्या रामाची शपथ." रामाला मध्ये आणलं! सकाळी पूजेत मन लागलं नाही.

२१ जून, शुक्रवार
मालकीण मीनाक्षी मॅडम म्हणाल्या, "फॉर्म तुमचा. मग शून्य कसं आलं?" मी त्याचं नाव सांगितलं. तो समोरच उभा होता.

"एवढंच ओळखलंस?" बस्, एवढंच बोलला. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

२२ जून
कोवलमची मुलं दवाखान्यातून घरी आली. देवाची कृपा. बायकोला – हरिप्रियाला – सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही स्वतः उघडून बघितलंत?" बघायचं काय त्यात!

२४ जून, सोमवार
आज फॉर्म उघडून बघितला. जंतूंच्या रकान्यात मुळातच ठरलेली किंमत – शून्य. आकड्याचा रकाना केला की संगणक ती आपणहून घालतो. पुसायची राहिली. माझ्याकडून. माझ्या चार ओळींपर्यंत नल कधी पोचलंच नाही.

बालाजीराव फोन उचलत नाही. मॅडम दहाला येतात. पावणेदहा झालेत.