एकशेवीस पेपर आणि एक वाक्य

मी, बद्रीनाथ पुंजाराम गायके, वय ८१, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके तसे जन्मभर ठिकाणावरच होते, म्हणून तर जास्त लाज वाटते.

१. घराचा खालचा मजला आणि बँकेत जे असेल ते मुलगा रामकिसन याला. दारातला कडुनिंब त्याने तोडू नये. तोडायचाच असेल तर मी गेल्यावर वर्षभर तरी थांबावे.

२. देवगाव रंगारीची दोन एकर जमीन धाकटा भाऊ सांडू याला. तीस वर्षे तो दर पेरणीला माझा बांध थोडा थोडा कोरत आला आहे. उरलेली मीच देऊन टाकतो, म्हणजे त्याचे कष्ट वाचतील.

३. हे कलम मालमत्तेचे नाही, पण सगळे कागद याच्यासाठीच काढले आहेत.

शेख कमरोद्दीन आणि मी एका कॉलेजात होतो. तो नीतिशास्त्र शिकवायचा, मी तर्कशास्त्र; त्याच्या भाषेत मंतिक. स्टाफरूममध्ये आम्ही पाप, पुण्य, ईश्वर, सगळे चिन्हांत मांडून पाहायचो. ‘जे करायला हवे ते करता येण्यासारखे असलेच पाहिजे का’ यावर आमचा एक अख्खा उन्हाळा गेला.

१९८१ साली त्याच्यावर तक्रार झाली की पेपर न तपासताच गुण दिले. खरी गोष्ट अशी : एकशेवीसपैकी एकशेतेरा पेपर त्याने नीट तपासले होते. बायको गौहर दवाखान्यात अडली होती, त्या धावपळीत सात राहिले आणि त्यांना त्याने अंदाजाने गुण दिले. गठ्ठा माझ्यापुढे ठेवून त्यानेच मला हे सांगितले होते. चौकशी समितीने मला बोलावले. मी म्हणालो, “सगळे पेपर त्यांनी तपासलेले नाहीत.”

दर जूनमध्ये मी फळ्यावर लिहायचो, ‘सगळे आंबे गोड नाहीत.’ याचे अर्थ दोन. काही आंबट आहेत, हा एक. एकही गोड नाही, हा दुसरा. बोलणारा कुठे थांबतो त्यावर ऐकणारा अर्थ घेतो. त्या दिवशी मी ‘पेपर’ या शब्दानंतर थांबलो. अध्यक्ष पुटपुटले, “म्हणजे एकही नाही.” मी चष्मा पुसत राहिलो. विभागप्रमुखाची जागा एक होती आणि आम्ही दोघे होतो.

ती मला मिळाली. कमरोद्दीनची नोकरी गेली. पुढे बावीस वर्षे तो एसटीने पाचोडला जाऊन शाळेत शिकवत होता.

माझी पत्नी आवडाबाई, आता हयात नाही, त्या संध्याकाळी म्हणाली, “सातच ऱ्हायलेत म्हणला व्हता ना तुमी?” मी तिला आंब्यांचे उदाहरण देऊन दोन अर्थ समजावले. ती म्हणाली, “मला कशाला शिकवता? तिथं का नाय शिकवलं?” त्यानंतर तिने माझ्या ताटात आंबा वाढला नाही. मी मागितलाही नाही.

माझ्या तेराव्याला हे कलम रामकिसनने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. ‘एकशेतेरा’ हा आकडा दोनदा वाचावा.

४. कपाटातली हिरवी वही कमरोद्दीनची मुलगी ताहेरा हिला. ती त्या सात पेपरांच्याच आठवड्यात जन्मली आणि आता गणित शिकवते. मी खोटे बोललो नाही, याची अकरा पायऱ्यांची सिद्धता त्या वहीत आहे. चाळीस वर्षांत मला तिच्यात चूक सापडली नाही. तरी कमरोद्दीन समोरून आला की मी रस्ता बदलायचो. आता वाटते, पायऱ्या बरोबर आहेत; ‘खोटे’ या शब्दाची पहिली व्याख्याच मी माझ्या सोयीने केली. ताहेराने तपासावे. तिने तरी सगळे पान वाचावे.

५. घराचा वरचा मजला कमरोद्दीनला द्यायचा, असे मी ठरवले होते. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो आणि सगळे कबूल केले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “बद्री, मृत्युपत्रावर साक्षीदार लागतात ना?”

“दोन लागतात. पण साक्षीदाराला त्यातलं काही घेता येत नाही, असा कायदा आहे.”

“मग मी साक्षीदार. मांड आता तुझ्या मंतिकमध्ये. बात खतम.”

मांडून पाहिले. पळवाट नाही. म्हणून वरचा मजलाही रामकिसनलाच जाईल. मला माफ केलेस का, असे मी त्याला दारातून विचारले. तो म्हणाला, “सही करताना लिहीन एक ओळ.” तशी मुभा मी त्याला देत आहे. ती ओळ कोणीही खोडू नये आणि तिचा अर्थ रामकिसनने कोणाला समजावून सांगू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातल्या कुठल्याही वाक्याचा दुसरा अर्थ निघत असेल तर तो माझ्याविरुद्ध धरावा.

ठिकाण : गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२३

(सही) बद्रीनाथ पुंजाराम गायके

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार १ : काकासाहेब लक्ष्मण वाघ, शेजारी (सही)

साक्षीदार २ : शेख कमरोद्दीन (सही उर्दूत, खालची ओळ मराठीत, त्याच्याच अक्षरात)
सगळं माफ केलं नाही