लाखोळीचं पहिलं पाणी

पौष शु. १
आज बाजार. तूरडाळीच्या ढिगाजवळ उभी राहिले, भाव विचारला आणि पुढे गेले. विचारायला पैसे पडत नाहीत. लढाई सुरू झाल्यापासून कंट्रोलच्या दुकानात साखर नाही, रॉकेल नाही, आणि तूर तर आपल्यासारख्यांनी नुसती बघायची. दिवाळीपासून घेते तीच लाखोळीची डाळ पुन्हा घेतली. निम्म्या भावात मिळते, शिजल्यावर तुरीसारखीच दिसते. वर मूठभर तूर घातली की ह्यांना कळतही नाही. डाळवाला आता ओळखतो. "बाई, तुमी दर बाजारी येता, हे एक मूठ वरून घ्या." घेतली. लाज कसली?
सार केलं. डाळीला उकळी आली की पहिलं पाणी काढून घ्यायचं, त्यात चिंच, लसूण, चिमूटभर गूळ. माझ्या माहेरी, नगरकडे, डाळीचा कट कधी कोणी फेकला नाही. सगळा जीव त्यातच असतो असं आई म्हणायची. हे आसेगावची डाक वाटून आले, दोन वाट्या प्यायले. "सार लय झकास झालं व." माझ्यासाठी उरलं नाही. मी घेतही नाही. चालतात ते, मी नाही.

पौष शु. ६
ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. "थंडीनं होऊन राह्यलं," म्हणाले. तेल कोमट करून चोळलं. सार जरा जास्त करावं म्हणते. गरम गरम पोटात गेलं तर बरं वाटेल.

पौष शु. ११

जेवताना हे मधेच हसले. "हे लाखोळी हाये ना व?" चोरी पकडली म्हणून मी मान खाली घातली. तर म्हणाले, "पयल्याच दिवशी वळखली मी. तुवर परवडत नाई तं काय करशीन? पयलं पानी तेवढं फेकतं ना पर?"
मी म्हटलं, हो तर.
का म्हटलं मी हो? तोंडातून निघून गेलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, न फेकलं तर काय होतं?
"आसेगावच्या काकाचे पाय कायनं गेले मंग? काकू पानी फेकत नव्हती. इकडं लेकरालेही मालूम असते." आणि साराची वाटी तोंडाला लावली.
वाटी हिसकावून घ्यायला हवी होती. मी भाकरी वाढली.

पौष शु. १२
काकांना आमच्या लग्नात पाहिलं होतं. दोन काठ्या, गुडघे एकमेकांवर घासत, टाचा अधांतरी. चवड्यांवर चालत होते. मला वाटलं म्हातारपण. पन्नाशीही नाही झाली त्यांची.
शेजारच्या सरजाबाईला आडून विचारलं. ती म्हणाली, "आमीबी तेच खातो, काई होत नाई." मग थांबून, "पानी कोन ठेवते पर?"
दिवाळीपासून. देवा, दिवाळीपासून रोज. आणि सगळं ह्यांनाच. प्रेमानं, वाटी भरभरून.

पौष शु. १५
बाजार. डाळ घेतलीच नाही. ज्वारी, हरभऱ्याचा पाला, मिरच्या. पैसे पुरले, पण चार दिवसांनी काय शिजवायचं ते माहीत नाही. घरातली उरलेली लाखोळी माठात, तोंडाला फडकं बांधून. फेकवत नाही, ठेववत नाही. सरजाबाईला द्यावी तर...
"सार नाई केलं?" मी म्हटलं, चिंच संपली.

पौष व. २
हे आसेगावच्या वाटेवरची गाभुळलेली चिंच घेऊन आले. डाकेच्या पिशवीत पत्रांखाली लपवून, एवढी खूश स्वारी. "आता कर."
न्हाणीत जाऊन रडले. मग चिंचेचं नुसतं पाणी उकळून दिलं. "आज चव नाई आली," म्हणाले.

पौष व. ४
उंबऱ्याला ठेचकाळले. कोणीही ठेचकाळतं. मीसुद्धा परवा ठेचकाळले होते. पण मी कुठे सार घेत होते?
डाकवाल्याचे पाय गेले म्हणजे घर गेलं. एवढंही नाही, हे चालताना गुणगुणतात, ते गेलं. मला फार भीती वाटते. सांगावं तर ते स्वतःच्या प्रत्येक पावलाला घाबरतील. न सांगावं तर मी एकटी घाबरते.
"काहून पायाकडं पाहून राह्यली?" वहाणा झिजल्या म्हटलं. त्यांनी उलटून पाहिल्या. "पुढून झिजल्या खऱ्या."

पौष व. ७
दुपारी अंगण सारवलं. सारवायचा दिवस नव्हता. ओल्यावरून कोणी गेलं की एरवी मी केवढी ओरडते, ह्यांनाही सोडत नाही. आज दारात गप्प उभी राहिले. हे आले, वहाणा बाहेर काढल्या, ओलं पाहून थबकले. मी म्हटलं, या, या सरळ.
गेले घरात. मी वाकून पाहिलं. डावं पाऊल पुरतं उमटलं होतं, टाच अगदी गोल. उजव्याची बोटं खोल. टाचेच्या जागी काहीतरी दिसत होतं, पण ते पाऊल होतं की माझ्याच हाताचा सारवणाचा फराटा, कळेना. भिंतीची सावली आली तिथे. उद्या उन्हात पाहीन. कोंबड्यांनी तुडवू नये म्हणून त्या पावलावर टोपली पालथी घातली.
हे चूळ भरायला बाहेर आले. "कोंबडीचं पिल्लू झाकलं का?"
मला हो म्हणवलं नाही. नाही, एवढंच म्हटलं.
त्यांनी टोपलीकडे पाहिलं. ओल्यात उमटलेल्या बाकीच्या पावलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तांब्या खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "पानी फेकलं नवतं ना तू?"
नव्हतं, म्हटलं मी. त्यांनी टोपली उचलली नाही. ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि उजवा पाय धोतरात ओढून घेतला.