पहिलं अंडं, १७ मार्च

२ मार्च, रविवार
चार कोंबड्या आणल्या. हायवेला टेम्पोवाला विकत होता. पंधरा दिन में चालू हो जाएगी साहब, म्हणाला. माणूस खात्रीचा वाटला. पैसे घेतले आणि लगेच टेम्पो काढून निघूनही गेला. बिझी माणसांचं असंच असतं.
वैजयंता म्हणाली, नोकरी जाऊन सहा महिने झाले आणि तुम्ही आणखी चार तोंडं घेऊन आलात. बायकोला व्हिजन नाही.
तिचा भाऊ लोकेश त्याच्या गोडाऊनमध्ये माझ्यासाठी सुपरवायझरची जागा अडवून बसलाय. पंचवीस तारखेपर्यंत थांबतो म्हणतो. शेवटी ठरलं: तोवर एक तरी अंडं आलं तर पोल्ट्री, नाही तर गोडाऊन. मी हसत मान्य केलं. मेहुण्याच्या हाताखाली हजेरी लावणारा मी नव्हे.

५ मार्च
अंडं नाही. अपेक्षितच. प्रवासाचा शीण. एक्सेल शीट केली: पुढच्या दिवाळीला चारशे कोंबड्या.

९ मार्च, रविवार
शेजारच्या रंभाकाकू आल्या. जन्म घोडबंदरातच गेला, दारात कायम कोंबड्या. न विचारता एक उचलली, उलटी धरली, शेपटीखाली बोटं लावून पाहिलं. म्हणाल्या, भाऊ, म्हातारी हाय ही. हिची अंडी कवाच सरली. पोल्ट्रीवाल्यांनी काढून टाकलेली हाय. दुसरीही पाहिली. तीच गत.
तिसरी मी पाहू दिली नाही. जुन्या लोकांना सायन्स कळत नाही.

१२ मार्च
व्हिडिओ पाहिला. कोंबडीला सोळा तास उजेड लागतो. खुराड्यात ट्यूबलाइट लावली. चौघी जाग्या राहिल्या आणि खात राहिल्या. दाणे संपले. अंडं नाही.

१६ मार्च, रविवार
नवा व्हिडिओ. खुराड्यात नमुन्याला एक अंडं ठेवायचं, म्हणजे कोंबडीला सुचतं. दुकानातून गावठी आणलं. उकडून ठेवलं. फुटलंच तर घाण नको. ह्याला प्लॅनिंग म्हणतात.

१७ मार्च, सोमवार, सकाळी ७
घात. मी बाथरूममध्ये असताना वैजयंता खुराड्यात डोकावली. बाहेर येईपर्यंत तिचा पुण्याला लेकीला, पंचशीलाला, फोन करून झाला होता. लोकेशलाही: ह्यांची जागा दुसऱ्या कुणाला दे रे, आमचं सुरू झालं. कुंपणावरून रंभाकाकूंनाही ओरडून सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून खुराड्याकडे बघतच राहिल्या.
सांगणार होतो. पण ती हसत होती. सहा महिन्यांनी तिने चहात आलं घातलं होतं.
उद्या सांगेन.

१८ मार्च
नाही सांगितलं. त्याऐवजी गुपचूप कच्चं अंडं आणून बदलायचं ठरवलं. फ्रिज उघडला. अंड्यावर तिने स्केचपेनने लिहिलंय: पहिलं अंडं, १७ मार्च. रविवारी पंचशीला येणार, लेकीला हाफ-फ्राय करून घालायचंय म्हणे.
पाच दिवस आहेत. पाच दिवसांत कोंबडी काहीही करू शकते.

२० मार्च
दुपारी खुराड्यासमोर स्टूल टाकून कोंबड्यांशी स्पष्ट बोललो. परिस्थिती समजावली. एक झोपली.
मग वैजयंताच्या अक्षराची प्रॅक्टिस. तिचा ‘ल’ जमत नाही. सरावाची सहा अंडी मीच खाल्ली.

२२ मार्च
‘ल’ जमला. तर कळलं, तिचं स्केचपेन जांभळं, माझं निळं. जांभळं तिच्या पर्समध्ये, पर्स तिच्या खांद्यावर, ती विहारात. तिथेही सगळ्यांना सांगून आली.
हरकत नाही. उद्या पंचशीलाला भूक नसेल.

२३ मार्च, रविवार
होती. लोकेशही पेढे घेऊन आला. दाजी, मानलं तुम्हाला, म्हणाला.
तवा तापला. वैजयंताने अंडं कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग सोललं. पूर्ण गोल, पांढरंशुभ्र, तिच्या तळहातावर.
मी म्हणालो, खुराड्यावर पत्रा आहे, मार्च महिना आहे, आतल्या आत शिजू शकतं.
मग पंचशीला म्हणाली, बाबा, बसा तुम्ही.
वैजयंताने गॅस बंद केला आणि भावाला सोडायला रिक्षा स्टँडपर्यंत गेली. बराच वेळ आली नाही.

२४ मार्च
मोठ्या मनाने मीच लोकेशला फोन केला. म्हटलं, तुझी अडचण होत असेल तर गोडाऊनचा विचार करू शकतो. तो म्हणाला, दाजी, जागा भरली. कालच ताईने मागून घेतली. उद्यापासून तीच येतेय.

२५ मार्च, मंगळवार, सकाळी ११
वैजयंताची ड्यूटी सुरू. डबा मी केला. भाजी कसली करू विचारलं, तर म्हणाली, अंड्याची. म्हटलं, अंडी कुठून आणू? चप्पल घालता घालता, वर न बघता म्हणाली, दुकानातून. सवय आहे ना तुम्हाला.
आणली. डबा दिला. ती गेली.
कोंबड्यांना दाणे टाकले. चौघी खाऊन सावलीला बसल्या.
मीही बसलो.