काचा, व्हिनेगर आणि आईंचे गुडघे

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. तिकडच्या सगळ्यांना वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद तुम्हीच वाटून टाका. तुमचा खोकला गेला का? आईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही दर फोनला विचारता आणि त्या दर फोनला "आहेत जागेवर" एवढंच सांगतात, म्हणून मी सविस्तर लिहिते. बाबा गेल्यापासून त्यांनी गच्चीचा जिना सोडला आहे. कपडे वाळत घालायला मीच वर जाते. खाली मात्र त्यांचं सगळं व्यवस्थित चालू आहे. त्यांनी विणलेला निळा स्वेटर तुम्हाला आवडला हे ऐकून त्या खूश झाल्या. (डावी बाही बोटभर आखूड आहे, हे मी त्यांच्यापर्यंत पोचू दिलेलं नाही.)

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण आपल्या घरात जिथे फोन धरावा तिथे आईंचे कान असतात. विषय बाबांच्या गाडीचा आहे. तुम्हाला आठवते ती चकचकीत गाडी. आता ती बॅटरी बसल्यामुळे मागच्या भिंतीशी उभी आहे, बरोबर गच्चीवरच्या टाकीखाली. टाकी भरून वाहायला लागली की जादा पाणी पाइपातून पडतं ते नेमकं गाडीच्या काचांवर. आपलं पाणी किती जड आहे ते तुम्हाला माहीत आहेच (केस धुतले की हातात केस येत नाहीत, केरसुणी येते). ते उन्हात वाळायचं आणि काचेवर पांढरा ठिपका सोडून जायचं. वर्षभरात ठिपक्यावर ठिपका असा थर बसला, इतका की आत बसून बाहेर पाहिलं तर भर दुपारी धुकं. मोटर चालू-बंद करण्याचं खातं आईंकडे आहे. एरवी कोण कोणाला कधी काय बोललं हे त्यांना शब्दन् शब्द आठवतं, पण मोटर बंद करायला मात्र त्या हमखास विसरायच्या. मी मनात म्हणायचे, वय झालं, चालायचंच.

तुमच्या बंधुराजांना ती गाडी विकायची आहे. मी त्यांना दोष देत नाही. बाबा गेल्यापासून ते ऑफिसातून आले की मागच्या दाराने येत नसत, वळसा घालून पुढच्या दाराने येत, म्हणजे गाडी दिसायला नको. गेलेल्या माणसाची चप्पल उचलून ठेवता येते, गाडी कुठे ठेवणार? पण याआधी दोन जण पाहून गेले, दोघांनीही काचेवर नख ओढून पाहिलं आणि "कळवतो" म्हणाले. मग यांनी तिसऱ्याला रविवारी बोलावलं आणि शुक्रवारी सकाळी बूट घालता घालता मला सांगितलं, "काचा तेवढ्या पूस." हा "तेवढ्या" शब्द, वन्सं, ज्याने ते काम आयुष्यात केलेलं नसतं त्याच्याच तोंडी असतो.

मी साबणाने सुरुवात केली. काच ओली असेपर्यंत इतकी सुंदर दिसली की मी आत जाऊन चहा टाकला. चहा घेऊन बाहेर आले तर काच वाळली होती आणि ठिपके सगळे हजर, उलट आंघोळ करून ताजेतवाने झाल्यासारखे. मग जुन्या वर्तमानपत्राचा बोळा केला. त्याने माझे हात काळे झाले. तेवढ्यात शेजारच्या दंतवैद्यबाई कुंपणाशी आल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "हे दातांवर बसतं ना, तसलं कीटण आहे. टूथपेस्ट लावून बघा." मी घरातली अख्खी ट्यूब दोन काचांवर संपवली. गाडीच्या तोंडाला फार छान वास यायला लागला, पण ठिपके हलले नाहीत. तसं सांगितल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, कीटण पेस्टने जात नाहीच. त्यासाठी माझ्याकडे यावं लागतं." आणि दवाखान्यात निघून गेल्या.

हे सगळं चालू असताना आई दारात खुर्चीवर बसून विणत होत्या. एक शब्द नाही. (वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, त्या गप्प असल्या की माझं काहीतरी चुकत असतं आणि बोलल्या की नक्की चुकलेलं असतं.) शेवटी वैतागून मी स्वयंपाकघरातून तारेची घासणी आणली. ती काचेला टेकणार तोच मागून आवाज आला, "अगं, काय करतेस! कढई आहे का ती?" आणि आई उठल्या. कशा उठल्या म्हणता? सुया बाजूला टाकून, पायऱ्या उतरून, माझ्या हातातली घासणी काढून घेईपर्यंत मला त्या उठल्याचंच कळलं नाही. तेव्हा मला गुडघ्यांची आठवण यायला हवी होती. आली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी नुसती बघत राहिले. कपाटातून व्हिनेगरची बाटली आणली. जुनी सुती चादर फाडून पट्ट्या केल्या. दाराच्या रंगावर ओघळ जाऊ नये म्हणून खाली टॉवेल खोचला. मग व्हिनेगर-पाण्यात भिजवलेली एकेक पट्टी काचेवर पसरून तळव्याने अशी दाबली, की मला आपला धाकटा तापाने फणफणला होता ती रात्र आठवली. तशाच घड्या, तसंच मधूनमधून उचलून बघणं, तसंच "थांब, अजून मुरू दे" म्हणणं. मी विचारलं, "आई, हे कुठे शिकलात?" तर म्हणाल्या, "किटलीच्या तळाला बसतं ते हेच की. तू किटली दर वेळी नवी आणतेस, तुला कसं कळणार." (हा टोमणा होता. पण इतका योग्य जागी बसला की दाद द्यावीशी वाटली.) दंतवैद्यबाई दुपारी परतल्या तेव्हा वास सगळीकडे पसरला होता. "गाडीचं लोणचं घालताय का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाल्या, "हो. मुरलं की बरणी पाठवते."

पट्ट्या काढल्यावर थर मऊ झालेला होता. आई पुसत गेल्या, पिण्याच्या पाण्याने धूत गेल्या आणि मी मागोमाग लगेच कोरडं करत गेले. मी जरा रेंगाळले तर म्हणाल्या, "पाण्याने डाग पडत नाही गं. पाण्याला एकटं वाळायला सोडलं की पडतो." असं वाक्य बोलून त्या लगेच "बादली सरकव" म्हणाल्या, त्यामुळे मला डोळे पुसायलाही सवड मिळाली नाही.

राहिलेले ठिपके आत बसून उजेडाकडे पाहिलं तरच दिसतात, म्हणून त्या आत जाऊन बसल्या. आधी नेहमीच्या सीटवर, बाबांच्या शेजारच्या. मग पलीकडच्या काचेसाठी सरकून, पहिल्यांदाच, बाबांच्या सीटवर. तिथे त्यांचं पुसणं थांबलं. बराच वेळ त्या समोर बघत राहिल्या. समोर काय, तर आपली भिंत. मी वाकून विचारलं, "डाग दिसतोय का?" तर म्हणाल्या, "नाही. इथून सगळं आपल्याला विचारून होणार असं वाटतं." मग हळूच, "मधलं पायाखालचं काय असतं गं?" मी म्हटलं, ब्रेक. "असू दे," त्या म्हणाल्या, "तो यायला हवाच."

रविवारी फर्निचरवाले एक सद्गृहस्थ आले. यांनी नवी बॅटरी बसवून घेतली होती. काचा अशा झाल्या होत्या की ते गृहस्थ काच खाली आहे असं समजून आत डोकावायला गेले आणि त्यांचं नाक आपटलं. आत स्टिअरिंगवर हात ठेवून आई बसलेल्या. त्यांनी मूठ फिरवून काच चार बोटं खाली केली आणि मुलीच्या बापासारखी चौकशी आरंभली. गाडी कुठे ठेवणार? रस्त्यावर, झाडाखाली. झाडावर पक्षी? असतातच. धुणार कशाने? बोअरच्या पाण्याने. आईंनी काच वर केली. इतक्या स्वच्छ काचेतून इतका स्वच्छ नकार मी आजवर पाहिला नव्हता. "आई, अगं उतर ना," हे काचेवर टकटक करत राहिले. आईंनी हॉर्न वाजवला.

त्यानंतर यांनी अबोला धरला आहे. पुढच्या रविवारसाठी दुसरं गिऱ्हाईक पाहिलंय आणि या वेळी फोनवरच सगळं विचारून घेतलंय: पाणी नळाचं, शेड पक्की, झाड एकही नाही. आई रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन काचा पुसतात आणि थोडा वेळ आत बसतात. हेही बघतात, हल्ली मागच्या दाराने येऊ लागलेत. दोघांमध्ये मी जेवण वाढते.

असो. काचा स्वच्छ निघाल्या एवढंच कळवायचं होतं. खोकल्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. एवढंच नव्हतं कळवायचं. तुमचे बंधुराज जगात फक्त तुम्हाला घाबरतात. रविवारच्या आत त्यांना फोन करा आणि गाडी विकायची नाही म्हणून ठणकावून सांगा. माझं नाव घेऊ नका. आईंचं तर मुळीच नको. त्यांनी कोणाला काही मागितलेलं नाही, फक्त मला भाजी निवडताना विचारलं, "या वयात कोणी शिकवतं का गं?"

ता. क. २. शिकवतात. मी चौकशी केली. शिकवणाऱ्या बाई सोमवारी येणार आहेत. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, पण आपल्या गाडीला तो नाही, हे मी आईंना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात प्लंबर आला, पुन्हा डाग पडू नयेत म्हणून यांनीच बोलावलेला. गच्चीवरून खाली येऊन म्हणाला, पाइप फुटलेला वगैरे नाही. त्याचं तोंड मागच्या गटाराकडे होतं, ते टाकीच्या मागून, सहज दिसणार नाही असं, कोणीतरी गाडीकडे वळवून घट्ट बांधून ठेवलंय. कशाने, तर निळ्या लोकरीने. तेव्हा तुमची डावी बाही आखूड का झाली ते कळलं, मोटर रोज का विसरायची ते कळलं, आणि गुडघ्यांची काळजी सोडा, गुडघे उत्तम आहेत. पाइप मी त्याच्याकडून सरळ करून घेतला. लोकर सोडवून माझ्या कपाटात ठेवली आहे. तुमचा फोन नाही लागला तरी हरकत नाही. गच्चीचा जिना मलाही चढता येतो.