पहारेकऱ्याचे आकडे

सोमवार, ११ मार्च
माणसाने सूर्याच्या पलीकडे यान धाडलं. आमच्या मजल्यावरचं चहाचं यंत्र मात्र आधी चहा ओततं, मग कप टाकतं! डावा बूट भिजला. तीव्र निषेध.

त्याच तिरमिरीत सभेला गेलो. यानावरचं कण मोजणारं उपकरण तीन दिवस जवळजवळ शून्य दाखवतंय. ते बनवलंय माझ्या मेहुणीने. "थांबा, बाकीचे आकडे येऊ देत," ती म्हणाली. मी म्हटलं, "मिठाची गुळणी धरून बसलंय! तुमच्या घराण्यात तीन दिवस गप्प बसणारं हे पहिलंच." सगळे खो खो हसले. ती मान खाली घालून कागद गोळा करत राहिली.

ठरलं— वीज वाचवायला शुक्रवारी ते बंद करायचं. तिथल्या थंडीत एकदा बंद पडलं की पुन्हा जागं होणार नाही.

मंगळवार, १२
ही म्हणते, "धाकटीचा फोन नाही. सभेत काय दिवे लावलेत?"
"एक विनोद केला."
"तुमचे विनोद म्हणजे दुसऱ्याच्या पायावर धोंडा!"

बुधवार, १३
बाकीचे आकडे आले.

उपकरणात सिलिकॉनच्या चकत्या, एकामागे एक. समोरून कण शिरला की प्रत्येक चकतीत थोडी थोडी ऊर्जा सांडतो. त्यावरून तो कोणता, किती जोराचा, ते कळतं. भोवती एक पहारेकरी थर— बाजूने कोणी घुसलं की ओरडतो, 'हा मोजणीत धरू नका!' मी फक्त समोरच्या दाराचे आकडे वाचले होते. पहारेकऱ्याचे आज वाचले. लाखोंनी! तिकडे सूर्याचं वादळ उठलंय, इथून दिसत नाही. बाजूने लोंढा, पहारेकऱ्याचा आरडाओरडा अखंड, त्यात समोरून रीतसर आलेलेही माघारी. ते शून्य म्हणजे शांतता नव्हे. पूर!

हे शाळेतल्या पोरालाही समजावलं असतं मी.

गुरुवार, १४
साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. परत आलो.

शुक्रवार, १५
सकाळी सांगून टाकलं. साहेबांनी मानही वर केली नाही. "बंद करणं बुधवारीच रद्द केलं. तुमच्या मेहुणीने आकडे दाखवले. म्हणाल्या, भावजींना सांगू नका, ते आपण होऊन येतील." मग चष्म्यावरून बघत— "काल आलात तेव्हा मला वाटलं, आलात."

सोमवार, १८
सभा. मेहुणी रजेवर. उभं राहून सांगितलं— उपकरण गप्प नव्हतं. मी अर्धेच आकडे वाचले आणि वर तोंडसुख घेतलं. कोणी हसलं नाही. बसलो.