बाईंचे पुस्तक ज्यात आहे तो संगणक कोरा न करण्याबाबत

प्रति,
माननीय प्रमुख,
संगणक सेवा कक्ष,
तळमजला, मुख्य इमारत.

अर्जदार : वरिष्ठ अक्षरजुळणीकार, प्रकाशन विभाग, दुसरा मजला, टेबल क्रमांक चार.

विषय : टेबल क्रमांक चारवरील संगणक निदान शुक्रवारपर्यंत कोरा न करणे, बंद न करणे व त्याच्या कोणत्याही बटणाला हात न लावणे.

संदर्भ : १) आपले दि. १४ चे पत्र, "वारंवार तक्रार येणारा संगणक पुसून नव्याने भरणे".
२) तक्रार नोंदवहीतील सात नोंदी. सातही नोंदींपुढे आपल्या कक्षाचा शेरा : "सुटले".

महोदय,

आपल्या पत्रानुसार उद्या बुधवारी सकाळी अकरा वाजता वरील संगणक कोरा होणार आहे. तत्पूर्वी अर्जदाराची बाजू एकदा शेवटपर्यंत वाचली जावी, एवढीच प्रार्थना. नोंदवहीत तक्रारीसाठी एकच ओळ असते आणि सदर तक्रार एका ओळीत मावणारी नाही.

१. या संगणकावर गणिताच्या निवृत्त प्राध्यापिकेचे एक पुस्तक जुळवले जात आहे. विभागात सर्वजण त्यांना नुसते 'बाई' म्हणतात, म्हणून या अर्जातही तसेच लिहिले आहे. बाईंनी चौतीस वर्षे शिकवले आणि पुढची आठ वर्षे हे पुस्तक लिहिले. त्यात समाकलनाची सहाशे अकरा सोडवलेली उदाहरणे आहेत. छपाईपूर्वी प्रत्येक उत्तर यंत्राकडून पडताळून घ्यावे, असा विभागाचा नियम आहे. त्यासाठी गणित लिहिण्याच्या एडिटरला बीजगणिताचा एक प्लगइन जोडलेला आहे. उदाहरण लिहून बटण दाबले की तो ते जागच्या जागी सोडवतो आणि खाली उत्तर उमटवतो. निदान उमटवावे, अशी अपेक्षा असते.

२. पहिल्या दिवशी प्लगइन सुरूच झाला नाही. आपल्या कक्षातील तंत्रज्ञ तातडीने, म्हणजे चौथ्या दिवशी, आले. त्यांना आमच्या मजल्यावर प्रेमाने 'बंद-चालू साहेब' म्हणतात. त्यांनी संगणक बंद केला, चालू केला, "आता बघा" म्हणाले आणि बघण्याआधीच निघून गेले. असे तीनदा झाले. अखेर अर्जदाराने स्वतःच शोध लावला. पुस्तकाच्या फोल्डरचे नाव 'बाईंचे पुस्तक अंतिम, खरेखुरे अंतिम' असे होते. प्लगइनला मराठी अक्षरे वाचता येत नाहीत आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा दिसली की तो वाट चुकतो. फोल्डरचे नाव बदलून 'बी-वन' ठेवताच तो मुकाट्याने सुरू झाला. बाईंना मात्र ते लागले. "आठ वर्षं खपून लिहिलं आणि नाव काय, तर बी-वन! एखाद्या गोळीचं वाटतंय," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराने दिलगिरी व्यक्त केली.

३. यानंतर सहा प्रकरणे सुरळीत पार पडली. सातव्या प्रकरणात पहिल्याच उदाहरणावर प्लगइन थिजला. उत्तर नाही, चूक नाही, काही नाही. पडद्यावर नुसते 'काम चालू आहे' असे झळकत राहिले. अर्जदाराने तासभर वाट पाहिली, जेवून आला, परत वाट पाहिली. पुन्हा तक्रार, पुन्हा बंद-चालू, पुन्हा "सुटले". चौथ्यांदा साहेबांना "अहो, पण हा अडकतो कुठे ते तरी बघा" असे विनवले असता, "अडकला नाहीये, विचार करतोय. गणित अवघड असेल," असे उत्तर मिळाले. ते उत्तर किती खरे होते हे साहेबांना आजही ठाऊक नाही.

४. शेवटी अर्जदाराने एडिटर बाजूला ठेवून बीजगणिताचा मूळ प्रोग्राम, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, स्वतंत्रपणे चालवला व तेच उदाहरण घातले. तेव्हा उलगडा झाला. प्रोग्राम थिजलेला नव्हता. तो एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत होता. मराठीत सांगायचे तर, "ए ही संख्या धन आहे, ऋण आहे की शून्य?" एडिटरमधला प्लगइन हा प्रश्न पडद्यावर आणतच नव्हता, मधल्यामध्ये गिळत होता. म्हणजे इतके दिवस एक पक्ष नम्रपणे विचारत होता आणि दुसरा पक्ष त्याला बंद-चालू करत होता.

५. इथून पुढे जे घडले त्यात अर्जदाराची चूक आहे. ती तो लपवू इच्छित नाही. सातव्या प्रकरणात त्रेचाळीस उदाहरणे आहेत व प्रोग्रामने त्रेचाळीस वेळा तोच प्रश्न विचारला. अर्जदाराचा गणिताशी संबंध केवळ अक्षरे जुळवण्यापुरता आहे. त्याने त्रेचाळीस वेळा 'धन' असे उत्तर दिले. प्रोग्राम खूश होऊन धडाधड उत्तरे देऊ लागला. त्यांतले एकही उत्तर बाईंच्या उत्तराशी जुळेना. बाईंच्या कागदावर लॉग होते, यंत्राच्या उत्तरात व्यस्त टॅन. अर्जदाराने नियमाप्रमाणे सर्व फरक लाल शाईत छापले, पाकिटात घातले आणि बाईंच्या हाती दिले. बाईंनी उभ्या उभ्या पहिली दोन पाने पाहिली. "यंत्र म्हणतंय ना, मग माझंच काहीतरी चुकलं असणार," एवढेच बोलून त्या गेल्या. एरवी त्या जाताना प्रत्येक टेबलापाशी थांबतात. त्या दिवशी कुठेच थांबल्या नाहीत.

६. पुढचे अकरा दिवस बाई आल्या नाहीत. बाराव्या दिवशी, म्हणजे १४ तारखेला, टपालाने दोन पत्रे आली. एक आपले, संगणक कोरा करण्याचे. दुसरे बाईंचे, टंकलिखित करून विभागप्रमुखांना द्यावे म्हणून अर्जदाराकडे पाठवलेले. त्यात लिहिले होते की, "माझ्या पुस्तकात मूलभूत चुका आढळल्याने मी ते मागे घेत आहे. या वयात मुलांच्या हाती चुकीचे गणित देण्याची माझी इच्छा नाही." अर्जदाराने सेवेत आजवर कोणताही मजकूर जुळवण्यास नकार दिलेला नाही. हे पत्र त्याने जुळवले नाही. खिशात घातले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाईंच्या घरी गेला.

७. दार बाईंच्या यजमानांनी उघडले. ते हळूच म्हणाले, "बरं झालं आलात. जेवणाच्या टेबलावर नुसती वह्यांची चळत आहे. तेच तेच सोडवते, तेच उत्तर येतं आणि तरी स्वतःलाच चूक म्हणते. मला हे ऐकवत नाही हो." बाई आत बसल्या होत्या. अर्जदाराने काय काय केले ते त्यांनी पहिल्यापासून विचारले. काळ्या खिडकीचा आणि तिथल्या प्रश्नाचा उल्लेख येताच त्यांनी पेन खाली ठेवले.

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"धन."

"सगळीकडे?"

"हो, सगळीकडे."

"का पण?"

अर्जदाराने खरे ते सांगितले. "बाई, धन म्हटलं की बरं वाटतं. तुमच्या पुस्तकातल्या संख्येला मी उगाच ऋण कशाला म्हणू?"

बाई अशा हसू लागल्या की यजमान पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. डोळे पुसत त्यांनी सातव्या प्रकरणाची पहिली ओळ दाखवली. 'या प्रकरणात ए ही संख्या सर्वत्र ऋण मानली आहे.' ती ओळ अर्जदारानेच जुळवली होती. खिशातले पत्र त्याने टेबलावर ठेवले. बाईंनी ते उचलून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पुढचे उदाहरण सोडवायला घेतले.

८. शनिवारी बाई स्वतः टेबल क्रमांक चारवर येऊन बसल्या. एकाच ओळीची आज्ञा घालून त्यांनी प्रोग्रामला आधीच सांगून ठेवले की ए ऋण आहे. प्लगइनने एडिटरमध्येच, कोणताही प्रश्न न गिळता, त्रेचाळीसपैकी बेचाळीस उत्तरे बाईंच्या उत्तरांप्रमाणे दिली. त्रेचाळीसाव्यात एक वजाचे चिन्ह राहिले होते. ते जुळवताना अर्जदाराकडून राहिले होते. बाईंनी ते स्वतःच्या हाताने घातले आणि पुढचे पान उलटले.

९. तात्पर्य, सदर संगणकात दोष नाही. तो कोरा केल्यास पुस्तक जाईल, पडताळणी जाईल आणि प्लगइन पुन्हा पहिल्या दिवसासारखा वाट चुकेल. नोंदवहीतील सात शेरे बदलून "प्रश्न विचारला होता, कोणी ऐकला नाही" असे करावेत, अशीही विनंती आहे. मात्र त्यासाठी अर्जदार अडून बसणार नाही.

१०. अडून बसण्याचे कारण वेगळे आहे. शेवटचे प्रकरण अर्जदार प्रश्न दिसावेत म्हणून काळ्या खिडकीतच पडताळत होता. आज दुपारी, पान तीनशे बारावर, तिथे नवा प्रश्न आला. "एन हा पूर्णांक आहे काय?" अर्जदार आता शहाणा झाला आहे. त्याने कशालाही हात न लावता बाईंना फोन केला. बाई आल्या, उभ्याने प्रश्न वाचला, मग खुर्ची ओढून बसल्या आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या. अर्जदाराला वाटले, पुन्हा काहीतरी बिनसले. पण त्या म्हणाल्या, "हे सूत्र मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. एन पूर्णांक नसला तर काय, असं मला एकाही वर्गात कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं." कागदाचा गठ्ठा मागून घेऊन त्या घरी गेल्या आहेत. उत्तर शुक्रवारी देणार आहेत. जाताना प्रत्येक टेबलापाशी थांबून त्यांनी तो प्रश्न सर्वांना समजावून सांगितला. कोणाला कळला नाही, पण सर्वांना बरे वाटले.

तोवर प्रोग्राम त्या प्रश्नावर थांबलेला आहे. उत्तर मिळेपर्यंत त्या प्रकरणाची सकाळपासूनची उत्तरे जतन करता येत नाहीत. वीज गेली तर इलाज नाही. माणूस आला तर मात्र इलाज आहे, आणि तो आपल्या हाती आहे.

हा अर्ज हाताने लिहावा लागला, त्याबद्दल क्षमस्व.

आपला आज्ञाधारक, परंतु उद्या अकरा वाजता खुर्चीतून न उठणारा,

(सही)
वरिष्ठ अक्षरजुळणीकार
मंगळवार, दि. १९

सोबत :
१) सातव्या प्रकरणाच्या पहिल्या पानाची प्रत. 'ऋण' हा शब्द अधोरेखित.
२) बाईंच्या पत्राची प्रत. केवळ पाठकोरी बाजू, कारण पुढची बाजू आता लागू नाही.
३) संगणकावर लावलेल्या पाटीची प्रत : "हात लावू नये. बाई विचार करत आहेत."