तिसऱ्या खांबाखालचं पाणी

४ जून
दिवसभरात चार फेऱ्या. तीन रिकाम्या, चौथीला एक म्हातारी आणि तिची शेळी. पुलावर चक्कर येते म्हणून ती होडीत बसते. बाकी सगळं गाव आमच्या डोक्यावरून जातं – भोंगे वाजवत!

आबा काठावर बसून वल्ह्याला तेल चोळत होते. कोणासाठी, कुणास ठाऊक. विचारायची सोय नाही.

१२ जून
तिसऱ्या खांबापाशी होडी आपोआप ओढली जाते. बांबू टाकून पाहिला. गेल्या वर्षी इथे अर्धा बुडायचा. आज अख्खा गेला, तळ लागलाच नाही! दुसऱ्यांदा टाकला. तेच. खांबाखालची वाळू वाहून चालली आहे.

१३ जून
पुलाच्या ऑफिसात गेले. दोन तास बाकावर. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बाई, पूल काय बांबूने मोजतात?" शिपायासकट सगळे हसले. मग जरा मऊ आवाजात – "पुलामुळे तुमच्या पोटावर पाय आला, कळतं मला. पण म्हणून असं अभद्र बोलू नये."

उठून बाहेर आले. घरी येताना मात्र एकेक उत्तर सुचत गेलं!

आबांना सांगितलं. शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली.
"पडू दे."
"आबा, माणसं जातात वरून!"
"जाऊ देत. आपल्याकडे येतंय कोण?"

हाच माणूस मला पोहायला शिकवणारा?

२० जून
पाऊस. एकही फेरी नाही.

२ जुलै
नदी चढली. होडी वर ओढून बांधली. आबा सकाळपासून दारात कान लावून बसलेत. "पाण्याचा आवाज बदलला," म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना. पुन्हा ऑफिसात जाते म्हटलं, तर "काही गरज नाही" – एवढंच.

आणि मीही गेले नाही. परत हसतील म्हणून. हे लिहून ठेवते. मीही गेले नाही.

३ जुलै
पूल पडला.

सकाळी नऊच्या सुमारास. पावसात समोरचं काही दिसत नव्हतं. नुसता आवाज – आणि मग भोंगे बंद. घरात आबा नाहीत. चहा तसाच पडलेला. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "तुझ्या बापाला पुलाकडे जाताना पाहिलं. भलत्याच घाईत होता."

५ जुलै
सापडले. खालच्या वळणावर, झुडपात अडकलेले. मीच बाहेर काढलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

गेले ते एकटेच. एवढ्या मोठ्या पुलावर एकटे आबा! भेटायला आलेल्यांची मागे कुजबुज – "मजा बघायला गेला, आणि..." त्यांचा राग आला नाही. मलाही तेच वाटतं. डोळ्यांत टिपूस नाही. पडायला हवा होता ना, आबा? पडला. झालं समाधान?

८ जुलै
पाणी उतरलं. होडी सुरू करा, असं सरकारी माणूस सांगून गेला. काठावर ही रांग! वर्षभर ज्यांनी ओळख दाखवली नाही, ते आज "ताई, ताई" करत होते. वल्हं उचललं, परत ठेवलं. उद्या या म्हटलं.

९ जुलै
पहिली फेरी. परतताना पलीकडून एक बसड्रायव्हर बसला. मधोमध आल्यावर म्हणाला, "तुमच्या बाजूचे एक म्हातारे गेले ना? त्यांचं घर दाखवाल?"

मी वल्हवत राहिले.

"नऊची बस माझी. पूल ओलांडून थेट आमच्या टोकाला आले आणि बससमोर आडवे उभे! 'मागे घे, मागे घे!' मी शिव्या घातल्या हो त्यांना. वैतागून घेतली मागे. एक्केचाळीस माणसं होती आत. म्हटलं, बाबा, थांबा आता इथेच. तर म्हणाले, 'त्या टोकाला अडवायला कोणी नाही.' आणि पळत सुटले."

आबांना पळताना मी कधी पाहिलं नाही.